पाटीलबाईंचा वाटा

वकिलाच्या कचेरीत आलेला माणूस तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे रूप वाचून टाकण्याची सवय आम्हांला फार लवकर जडते. टोपी कशी घातली आहे यावरून गाव ओळखावे, धोतराच्या सोग्यावरून जात ओळखावी, चपलेवर माती कोणत्या रंगाची आहे यावरून जमीन काळी की तांबडी हे ओळखावे, आणि अशिलाने हकिकत सांगण्यास आरंभ केला की आपल्याला ती आधीच ठाऊक होती अशी मुद्रा करावी. वडीलधाऱ्या वकिलांकडून मी ही विद्या शिकलो, आणि सुमारे बारा वर्षांपूर्वी एका श्रावणात ती माझ्या अंगाशी आली.

त्या दिवशी कारकुनाने आत येऊन सांगितले, ‘निपाणीकडच्या पाटीलबाई आल्यात.’ मागोमाग बाई आल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर. अंगावर गर्द निळे गोल पातळ, डोक्यावरून घेतलेला पदर हनुवटीपाशी मुठीत धरलेला. मनगटे मोकळी, गळा मोकळा, कपाळ मोकळे. बरोबर दोन मुली; मोठी नऊ-दहा वर्षांची असेल. बाईंनी नवऱ्याच्या नावाचा उतारा टेबलावर ठेवला. वाटणीत त्याच्या हिश्शाला आलेली आठ एकर जमीन. नवरा गेला, मुलगा नाही, दीर जमिनीत पाऊल टाकू देत नाहीत, सासू हयात असून ती दिरांकडे. प्रकरण मला तत्काळ उमगले. मराठ्याच्या घरची विधवा. असे खटले आमच्याकडे आठवड्याला दोन येतात. मी त्यांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा समजावून सांगू लागलो. तुम्ही, तुमच्या दोन मुली आणि सासूबाई, असे चार वारस. चौघींना सारखा वाटा. म्हणजे प्रत्येकीला दोन दोन एकर. दिरांना काही नाही. माझे विवेचन बरेच लांबले. बाईंनी ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकले, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, आम्ही मुसलमान हाय.’

त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हते म्हणून मी त्यांना विधवा समजलो होतो. त्या विधवा होत्या हे खरे. पण नवरा जिवंत असतानाही त्या कपाळावर कुंकू कधीच नव्हते. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असे शाळेत गणिताचे मास्तर आमच्या वहीवर लिहीत, त्याची मला आठवण झाली. आणि येथे तर उत्तरही चुकलेच होते, कारण बाईंना दोन एकर सांगून मी मोकळा झालो होतो.

माझ्या अज्ञानाला थोडीशी सबब आहे. आमच्या सीमाभागात आडनावावरून धर्म ओळखू पाहणाऱ्याने फसावे अशीच व्यवस्था आहे. पाटील, देसाई, इनामदार, किल्लेदार ही नावे हिंदूंत आहेत तशी मुसलमानांतही आहेत, कारण ती धर्माची नावे नसून वतनाची आहेत. बाकीची बहुतेक नावे धंद्याची. फळभाजी विकणारा तो बागवान, बांगड्या भरणारा तो मणेर, कापूस पिंजणारा तो नदाफ, हत्यारांना धार लावणारा तो शिकलगार, विड्याची पाने विकणारा तो तांबोळी, विणकर तो मोमीन, सुगंधी तेले विकणारा तो अत्तार, पिराच्या स्थानाची राखण करणारा तो मकानदार किंवा मुजावर. गावगाड्यातला मुलाणी तर बलुत्यातच मोजला जाई, आणि गावदेवीच्या जत्रेत बकरे कापण्याचा मान त्याचा असे. म्हणजे ज्या देवळात तो पूजा करीत नसे त्या देवळाच्या उत्सवात त्याच्यावाचून अडत असे. १८८४ साली निघालेला बेळगाव जिल्ह्याचा गॅझेटियर ज्यांनी चाळला असेल त्यांना ठाऊक आहे की, साहेबालाही या जिल्ह्यातील मुसलमानांचे वर्णन एका परिच्छेदात उरकता आले नाही. धंद्याधंद्यागणिक, जमातीजमातीगणिक त्याला ते निराळे करावे लागले.

वेषाचेही तसेच. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसतात. अशा एखाद्या ओसरीवर लहानपणी मी तासन्तास बसलेलो आहे. दहाबारा बायकांत मुसलमान कोणत्या हे मला तेव्हा सांगता आले नसते. साऱ्यांचे लुगडे एकाच पेठेतले, साऱ्यांच्या डोक्यावर पदर, साऱ्यांच्या हातांत तोच हिरवा चुडा. कुंकू असले-नसले एवढाच फरक, आणि गळ्यातल्या काळ्या मण्यांचा. आपल्याकडे जे मंगळसूत्र, ते दख्खनच्या मुसलमान बायकांत लच्छा किंवा काळी पोत. निकाह काझीने अरबीत लावला तरी आदल्या दिवशी नवरीला हळद लागतेच. मक्केच्या मुसलमानाला मांडव, हळद, काळे मणी यांचा उलगडा होणार नाही; निपाणीच्या मराठ्याला तो सांगावाच लागत नाही. निपाणीच्या दस्तगीरसाहेबांच्या उरुसात हिंदू घराण्याला मान आहे, आणि पलीकडे कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. आमच्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर नावाचे गाव आहे. तेथे मुसलमानाचे एकही घर नाही. तरी गावात मशीद आहे, तिची पूजाअर्चा हिंदू पुजारी करतो आणि मोहरमचे पाच दिवस सारा गाव पाळतो, असे २०२२ साली वृत्तपत्रांतून आले होते. पूजाअर्चा हा शब्द मशिदीला लावताना माझी लेखणी किंचित अडखळली. पण तेथे जे चालते त्याला दुसरा शब्द नाही.

हे सारे मला त्या वेळी ठाऊक होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. आपली माणसे, आपली भाषा, आपले लुगडे. असे म्हणताना मन सुखावते. पाटीलबाईंच्या खटल्याने त्या सुखात एक खडा टाकला. पण तेथे येण्यापूर्वी समुद्राकडे एक फेरी घातली पाहिजे, कारण मुसलमान म्हटले की सारे एक, हा समज मुळात माझ्या आजीने मोडला होता.

आजीचे माहेर कारवारकडचे. लग्न होऊन ती घाटावर आली आणि जन्मभर घाटाला नावे ठेवीत राहिली. येथल्या मुसलमानांशी तिचे बोलणे बाजारापुरते, मोडक्या हिंदीत. कारण ते घरात दख्खनी उर्दू बोलत आणि बाहेर मराठी-कानडी. पण वर्षादोन वर्षांतून भटकळचा एक कापडवाला आमच्या दारी येई. पांढरी लुंगी, डोक्याला पांढरी गोल टोपी. तो ओसरीवर गाठोडे सोडी आणि आजी माजघराच्या दाराआडून त्याच्याशी जी बोलू लागे, ती ऐकून आम्ही मुले चकित होत असू. दोघेही कोंकणी बोलत होती! त्याच्या कोंकणीत अरबी-फारसी शब्दांची पेरणी होती, आजीच्या कोंकणीत स्तोत्रांची. पण माशांची नावे, पावसाची नावे आणि शिव्या एकच. भटकळचे हे नवायत. त्यांची नवायती ही कोंकणीचीच एक बोली. लिहितात मात्र ती उर्दूसारख्या लिपीत. पुढे कितीतरी दिवस ‘आपला माणूस’ म्हणून आजी त्याची आठवण काढी. बागवान तिच्या दाराशी रोज येई. तो मात्र तिला परका.

नवायत आणि बेळगावचा मुसलमान यांत केवळ भाषेचे अंतर नाही. अरबस्तानातून समुद्रमार्गाने जो इस्लाम आपल्या किनाऱ्याला लागला तो शाफई पंथाचा. खैबरकडून खुष्कीच्या मार्गाने जो दख्खनेत उतरला तो हनफी पंथाचा. हिंदू कायद्यात जसे मिताक्षरा आणि दायभाग, तसेच काहीसे हे समजावे. रत्नागिरीचे कोकणी मुसलमान, भटकळचे नवायत, मलबारचे मोपले हे सारे शाफई. निपाणी, कोल्हापूर, विजापूर येथले बहुतेक हनफी. हा भेद ग्रंथात वाचला तेव्हा मला कोरडा वाटला होता. तो ओला झाला एका खाणावळीत. वकीलसंघातले आम्ही चौघे जेवायला गेलो होतो. एक भटकळचे, एक बेळगावचे, हे दोघे मुसलमान. तिसरे आमचे देशस्थ स्नेही आणि चौथा मी. भटकळकरांनी कुर्ल्या आणि तिसऱ्या मागवल्या. ताट येताच बेळगावकरांनी आपली खुर्ची सरकवून घेतली. हनफींच्या मते पाण्यातल्या जिवांत मासा तेवढा खाण्याजोगा. खेकडा नव्हे, शिंपले नव्हेत, आणि कोळंबीला मासा म्हणावे की किडा यावर तर मोठमोठ्या आलिमांत वाद आहे. शाफईंना समुद्राचे सारेच चालते. ‘तुम्ही हे खाता?’ असे बेळगावकरांनी धर्मबंधूला ज्या सुरात विचारले, तोच सूर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मासे खाणाऱ्या सारस्वताला देशावरचा ब्राह्मण त्याच सुरात विचारतो. देशस्थ स्नेही वरणभात कालवीत स्वस्थ बसले होते. भटकळकरांनी आणि मी ते ताट संपवले.

आणखी दक्षिणेला गेले की वेष बदलतो आणि वारसाही बदलतो. मलबारचा मोपला मुंडू नेसतो तो हिंदूप्रमाणेच, परंतु हिंदूची गाठ उजवीकडे आणि मोपल्याची डावीकडे. कण्णूरकडच्या मोपल्यांत तर शतकानुशतके आईकडून वारसा चालत आला. मुलगी लग्न होऊनही तरवाडात राहते आणि नवरा तिच्या घरी येतो. अरक्कल राजघराण्यात गादीवर बाई बसे, तिला बीबी म्हणत. या मातृवंशीय मोपल्यांसाठी मद्रास सरकारला १९३९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कुराण तेच, नमाज तोच, आणि घर मात्र मुलीचे.

आता पाटीलबाईंकडे परत येतो. त्या दिवशी माझी चूक सावरून मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. मुसलमानी कायद्यात मुलगा नसेल आणि दोन मुली असतील तर दोघींना मिळून दोन तृतीयांश. आईला एक षष्ठांश. संतती असल्यामुळे विधवेला एक अष्टमांश. या साऱ्यांची बेरीज तेवीस चोविसांश होते; उरलेला एक चोविसांश मयताच्या भावाबहिणींचा. आठ एकर म्हणजे ३२० गुंठे. मुलींचे २१३ गुंठे आणि एक तृतीयांश, सासूचे ५३ आणि एक तृतीयांश, बाईंचे स्वतःचे ४० गुंठे, दिरानणंदांना मिळून १३ आणि एक तृतीयांश. बाईंनी बोटांवर काहीतरी मोजले. ‘म्हंजे हिंदू असते तर दोन एकर, आता एक?’ मी म्हणालो, होय. गप्प राहावे ते सोडून वकिली विद्वत्तेच्या भरात मी आणखी सांगितले की, हाच चोर्ला घाट उतरून तुम्ही गोव्यात नांदला असता, तर तेथे पोर्तुगिजांच्या वेळेपासूनचा दिवाणी कायदा सर्व धर्मांना लागू आहे, आणि निराळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. अर्धी आधीच तुमची असती. बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘एक द्या. पर तेवढा तरी द्या.’

दावा लागला आणि दिरांची कैफियत आली, तेव्हा मी ती दोनदा वाचली. तिच्यात शरियतचा आधार नव्हता. उलट प्रतिवादीचे म्हणणे असे होते की, आम्ही नावाने मुसलमान असलो तरी आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या गावच्या इतर पाटलांचीच चाल आहे. आम्ही हळद लावतो, मांडव घालतो, आमच्या बायका लुगडे नेसतात आणि पोत घालतात, गावच्या जत्रेत आमचा मान आहे. आणि त्याच चालीप्रमाणे आमच्यात बायकांना जमीन मिळत नाही, ती भावांकडे जाते. ज्या ज्या गोष्टींचे मला कौतुक होते, त्या साऱ्या एकेक करून तेथे मांडल्या होत्या, आणि त्यांच्या टोकाला त्या दोन मुलींची जमीन होती. शेजाऱ्याकडून चुडा घेतला, हळद घेतली. शेजाऱ्याने मुलीला जमीन न देण्याची रीतही पुढे केली होती, आणि तीही घेतली होती. आणि ही रीत त्यांना शिकवणारे गावचे इतर पाटील कोण, हे मी वाचकांस सांगावयास नको.

हा बचाव दिसतो तितका पोरकट नव्हता. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मुंबई इलाख्यात रूढीचे वजन फार जुने. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात क्रमच असा की, प्रथम सरकारी कायदा, तो नसेल तर देशाचार, आणि देशाचारही नसेल तर प्रतिवादीचे शास्त्र. १८४७ साली मुंबईत खोजे आणि कच्छी मेमण यांच्या मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला, तेव्हा सर अर्स्किन पेरी यांनी त्यांच्या जमातींची हिंदूंसारखी रूढी उचलून धरली आणि मुली रिकाम्या हाताने परत गेल्या. नव्वद वर्षांनी, १९३७ साली, शरियत कायदा झाला तो पुष्कळ अंशी याच कारणाने. रूढीमुळे बायकांवर अन्याय होतो अशी मुसलमान स्त्रीसंस्थांची तक्रार होती. परंतु त्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, कारण शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय. आणि आमचा तंटा नेमका शेतजमिनीचा. मग एकच वाट उरली. रूढी सांगणाऱ्याने ती सिद्ध केली पाहिजे. ती प्राचीन, निश्चित आणि अखंड असली पाहिजे. ती सिद्ध न झाल्यास मुसलमानाला मुसलमानी शास्त्र लागू.

थोरल्या दिराची उलटतपासणी मी दोन तारखा घेतली. मांडव, हळद, पोत हे सारे त्याने मोठ्या हौसेने सांगितले. आत्यांना, बहिणींना जमीन न दिल्याची उदाहरणे मात्र त्याला दोनच सांगता आली, आणि त्यांतल्या एका आत्याने हक्कसोडपत्र करून दिले होते. मुळात हक्कच नसेल तर सोडपत्र कशाचे करून घेतले, एवढेच मी विचारले. त्याने आपल्या वकिलाकडे पाहिले.

तथापि दावा निकालापर्यंत गेलाच नाही, आणि त्याचे श्रेय माझ्या उलटतपासणीला नाही. ते पाटीलबाईंच्या सासूला आहे. म्हातारी प्रतिवादी नंबर एक होती. मुलांच्या कैफियतीवर तिचाही अंगठा होता. नऊवारी लुगडे, काष्टा घातलेला, पदर कपाळापर्यंत. दर तारखेला ती मुलांबरोबर येई आणि सुनेकडे पाठ करून बसे. प्रतिपक्षाच्या अशिलाशी बोलण्याची आम्हांला मनाई असते, म्हणून मी तिच्याशी कधी शब्द बोललो नाही. पण सून बोलली. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली तिने सासूला एवढेच विचारले, ‘आत्या, वकिलानं कागदात तुमचा बी वाटा लिवलाय, तुमास्नी सांगितलं का कुणी?’ कोणी सांगितले नव्हते. रूढी खरी ठरली असती तर सुनेबरोबर सासूही रिकामी राहणार होती. एक एकर तेरा गुंठे आणि वर थोडे. म्हातारीने तो आकडा तीन वेळा वदवून घेतला असे मला कारकुनाने नंतर सांगितले. पुढच्या तारखेला तिने उभे राहून न्यायाधीशांना सांगितले की, देवाच्या कायद्यात जे लिहिले असेल ते तिला पाहिजे आणि पोरींनाही पाहिजे. लोकअदालतीत तडजोड झाली. मोजणी झाली, बांध पडले, उताऱ्यावर चार बायकांची नावे चढली.

येथेच थांबलो असतो तर हकिकत गोड झाली असती. परंतु यंदा उन्हाळ्यात तीच मोठी मुलगी माझ्या कचेरीत आली, आणि मी तिला ओळखले नाही. नखशिखान्त काळा बुरखा, चेहऱ्यावर नकाब. तिने नाव सांगितले तेव्हा मला जो धक्का बसला तो मी लपवू शकलो नाही. तीन वर्षांपूर्वी उडुपीपासून सुरू झालेला शाळा-महाविद्यालयांतील हिजाबचा वाद आमच्याही दारापर्यंत आला होता. ५ फेब्रुवारी २०२२ चा सरकारी हुकूम, १५ मार्चचा उच्च न्यायालयाचा निकाल आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे परस्परविरोधी निर्णय, यांवर आमच्या वकीलसंघाच्या खोलीत पुष्कळ चहा खर्ची पडला होता. डोक्यावरचे वस्त्र धर्मात अत्यावश्यक आहे की नाही, हा तेथे प्रश्न होता. मी कोणत्याच बाजूने फारसे बोललो नव्हतो. पण आता ही मुलगी पुढे बसली होती आणि मी बोलून गेलो, ‘अगं, तुझी आई तर नुसता पदर घ्यायची. हे काळं केव्हापासून?’

तिने नकाब वर केला. राग दिसला नाही. प्रश्न तिच्या सरावाचा असावा. म्हणाली, ‘काका, तुमच्या आई काय नेसायच्या?’

‘नऊवारी.’

‘आणि काकू?’

काकू सहावारी नेसतात. आणि माझी मुलगी, जी त्याच वेळी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, ती पंजाबी ड्रेसमध्ये होती. ज्या सलवार-कमीजला पाहून माझ्या आजीने ‘तुर्कणीचा वेष’ म्हणून नाक मुरडले असते. आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन वेष झाले आणि त्याचा जाब आम्हांला कोणी विचारला नाही. मग तिच्या घरी मात्र लुगडे जसेच्या तसे राहावे, माझ्या बालपणीची ती ओसरी तिने अंगावर वागवावी, असे मला का वाटावे? मी ओशाळलो. तरी वाईट वाटले ते वाटलेच, आणि तेही येथे लिहून ठेवतो. हा काळा वेष निपाणीचा नाही. माणसे आखातात नोकरीला जाऊ लागली तेव्हापासून तो तिकडून आला आहे. हे मी तिला म्हणालो नाही. तिनेच सांगितले की, वर्गातल्या मैत्रिणी घालतात म्हणून पहिल्यांदा घातला, आता सवय झाली. आई अजून पदरच घेते आणि अधूनमधून दोघींची बोलाचाली होते. ‘अब्बा असते तर घाल म्हणाले असते का नको म्हणाले असते, ते ठाऊक नाही,’ असे म्हणून ती थोडी थांबली.

तिच्याशी बोलताना माझ्या मनात एक निराळेच चित्र येऊन गेले. आपल्या देवळांत गाभाऱ्याकडे जाताना पुरुषाने शिवलेले वस्त्र अंगावर ठेवू नये, धोतर आणि उपरणे तेवढे असावे, हा दंडक आपण पाळतो. हजच्या यात्रेत पुरुषाने इहराम बांधायचा तो असाच. न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे, डोके उघडे. आणि त्या इहरामात बाईने चेहऱ्यावर नकाब घ्यायचा नसतो. म्हणजे जेथे साऱ्या जगातले मुसलमान एका ठिकाणी जमतात तेथे तो पडदा बाजूला होतो, आणि निपाणीच्या बसमध्ये तो चढतो. उलट सहारात तुआरेग नावाचे मुसलमान लोक आहेत, त्यांच्यात पुरुष निळ्या कापडाने तोंड झाकतात आणि बायका उघड्या तोंडाने वावरतात. हे तिला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, ‘हे दादीला सांगते. तिला पटणार नाही.’

दादीचेच काम घेऊन ती आली होती. म्हातारी आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्या पश्चात तिचा एक एकर तेरा गुंठे जाणार हयात मुलामुलींकडे. आधी वारलेल्या मुलाच्या मुलींना त्यात मुसलमानी कायद्याप्रमाणे काहीच नाही. मृत्युपत्राने तिसऱ्या हिश्शापलीकडे देता येत नाही. देता येते ते जिवंतपणी, हिबा करून. तोंडी हिबाही चालतो, परंतु पुढे तंटा नको आणि उताऱ्यावर नाव चढावे म्हणून कागद केलेला बरा. हे तिला कोणी सांगितले असे मी विचारले. ‘दादीनंच विचारून घेतलं गावच्या काझींना.’

आठवड्याने आम्ही उपनिबंधकांच्या कचेरीत गेलो. म्हातारी तेच नऊवारी नेसून आली होती, पाटीलबाई निळ्या पातळात, नात बुरख्यात. थोरला मुलगा आत आला नाही, पायरीवर बसून राहिला. कागद कानडीत होता आणि म्हातारीला मराठी आणि घरची दख्खनी याखेरीज काही कळत नाही. नातीने तो ओळीओळीने वाचून आजीला दख्खनीत सांगितला. चतुःसीमा सांगताना पूर्वेचा बांध चुकला होता तो म्हातारीने दुरुस्त करायला लावला. मग यंत्रापुढे फोटो काढायचा होता. नातीने नकाब चटकन मागे टाकला आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले. अडली ती म्हातारी. परक्या पुरुषांपुढे पदर कपाळावरून मागे घ्यायला ती तयार होईना. कारकून दोनदा म्हणाला, ‘आजी, कपाळ दिसायला पाहिजे.’ अखेर नात तिच्या आणि आम्हा पुरुषांच्या मध्ये आपल्या बुरख्याचा पंखा धरून उभी राहिली, आम्ही भिंतीकडे तोंडे केली, आणि फोटो निघाला. अंगठा उमटवताना म्हातारीने नातीला विचारले की, सगळे तेरा गुंठे लिहिलेत ना, आणि वरचे थोडे?